वहीतल्या तक्त्याचा पाचवा रकाना

बारावीला असताना जीवशास्त्राच्या वहीत मी रोगांचा एक मोठा तक्ता आखला होता. रोगाचे नाव, रोगकारक, लक्षणे आणि उपाय असे चार रकाने, लाल शाईने ओढलेल्या रेघा आणि हिवतापापासून हत्तीरोगापर्यंत सगळे रोग एकाखाली एक. परीक्षेसाठी तो तक्ता उत्तम होता आणि मला तो आजही तोंडपाठ आहे. मात्र सांगलीच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकताना, आता तिसऱ्या वर्षाला आल्यावर, त्या तक्त्यात एक रकाना आखायचा राहून गेला होता, हे मला पुन्हा पुन्हा जाणवते. रोग घडवणारा किंवा तो वाहून नेणारा जीव स्वतः कसा जगतो, काय खातो, त्याची पिढी कुठे वाढते आणि एका शरीरातून दुसऱ्या शरीरापर्यंत जाताना त्याला कोणकोणत्या अडचणी पार कराव्या लागतात, हे सांगणारा तो रकाना. आपण ज्याला रोग म्हणतो, तो त्या जीवाचा संसार असतो. तो संसार कसा चालतो हे कळल्याशिवाय उपायाचा रकाना केवळ पाठ करता येतो, समजत नाही, असे माझे मत झाले आहे. ते मत वर्गात तयार झाले नाही. त्याची सुरुवात आमच्या गोठ्यात झाली.

आमचे गाव पलूस तालुक्यात कृष्णेच्या काठावर आहे. घरी थोडा ऊस, एक मुऱ्हा म्हैस, एक संकरित जर्सी गाय आणि 2022 साली त्या गायीची पाच महिन्यांची कालवड होती. त्या वर्षी पावसाळा सरता सरता राज्यभर लम्पी पसरला. जनावरांचे बाजार बंद झाले, जनावरांची ने-आण थांबली आणि गावात दोन माणसे भेटली की कुणाच्या गोठ्यात गाठी दिसल्या एवढाच विषय असे. आमच्या वाडीत सरकारी लसीकरण पोहोचण्याच्या आधीच्या आठवड्यात तापलेल्या जनावरांना इंजेक्शन देण्यासाठी एक गृहस्थ आले होते. त्यांनी आमच्या गल्लीतील तीन गोठ्यांतल्या जनावरांना एकाच सुईने टोचले. आमच्या गायीची म्होरकी धरून मी शेजारीच उभी होते. सुई बदलली नाही हे मला दिसत होते, ते चूक आहे हेही मला माहीत होते, तरीही वडीलधाऱ्यांसमोर माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. ती गोष्ट मी विसरलेले नाही.

दहाव्या दिवशी गायीच्या मानेवर पहिली गाठ दिसली. दिसली म्हणण्यापेक्षा हाताला लागली. सकाळी धार काढण्यापूर्वी आई तिच्या मानेवरून हात फिरवते, तेव्हा कातडीखाली सुपारीएवढा घट्ट गोळा तिच्या बोटांना अडखळला. गाठीवरचे केस ताठ उभे राहिले होते आणि तेवढा भाग आजूबाजूच्या कातडीपेक्षा गरम लागत होता. दोन दिवसांत मान, पाठ, कास, सगळीकडे गाठी उठल्या, पुढचे पाय सुजून खांबासारखे झाले, डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि दहा लिटर दूध देणारी गाय जेमतेम दीड लिटरावर आली. कालवडीच्या तोंडात व्रण झाले होते. ती आचळाला तोंड लावायची आणि लगेच सोडून द्यायची. आठव्या दिवशी पहाटे ती गेली. वडिलांनी शेताच्या कडेला खोल खड्डा घेऊन, चुना आणि मीठ टाकून तिला पुरले. गाय वाचली. तिच्या पाठीवरचे वण अजून तसेच आहेत.

पुढे कीटकशास्त्राचा भाग शिकताना गोठ्यातली चावरी माशी भिंगाखाली पाहिली, तेव्हा त्या दिवसांची गाठ मला सुटली. ही माशी दिसायला घरातल्या माशीसारखीच असते, पण तिच्या तोंडापुढे बारीक, ताठ सोंड असते आणि नर व मादी दोघेही रक्त पितात. तिचा चावा दुखरा असतो, त्यामुळे जनावर शेपटी मारते, पाय आपटते आणि माशी अर्धपोटी उडते. उरलेले पोट भरण्यासाठी ती शेजारच्या जनावरावर बसते. लम्पीचा विषाणू या माशीच्या शरीरात वाढत नाही. तो सोंडेला लागून तेवढ्या अंतरावर जातो, एवढेच. डास आणि गोचीडही त्याला असाच हात देतात. म्हणजे माशीचे अर्धवट राहिलेले जेवण हाच या रोगाच्या प्रवासाचा रस्ता आहे. आणि हे वाचताना मला ती सुई आठवली. एका जनावरातून निघून, न धुता, दुसऱ्या जनावरात शिरणारी सुई आणि माशीची सोंड यांत विषाणूला कसलाही फरक पडत नाही. आमच्या गायीला रोग सुईने आणला की माशीने, याचा निवाडा आता होणार नाही, कारण त्या दिवशी गोठ्यात दोन्ही होत्या. पण आई रोज संध्याकाळी कडुलिंबाचा पाला जाळून गोठ्यात धूर करत होती, त्याचा अर्थ मला त्या वाचनानंतर लागला. धुराने विषाणू मरत नाही. धुराने माशी बसत नाही, आणि माशी बसली नाही की रस्ता तुटतो.

गायीला जी लस टोचली गेली, ती मुळात शेळ्यांच्या देवीवरची होती, हे मला तेव्हा विचित्र वाटले होते. लम्पीचा विषाणू आणि शेळ्या-मेंढ्यांच्या देवीचे विषाणू एकाच प्रजातिगटातले, जवळचे भाऊबंद आहेत, त्यामुळे एकाविरुद्ध शिकलेले शरीर दुसऱ्यालाही ओळखते. माणसांच्या देवीची गोष्टही अशीच आहे. एडवर्ड जेन्नरने 1796 मध्ये गायींच्या सौम्य देवीपासून माणसासाठी लस तयार केली, आणि 1802 च्या जून महिन्यात मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली यशस्वी लस टोचली गेली. गायीने माणसाला दिलेले देणे सव्वादोनशे वर्षांनी शेळीने गायीला दिले, असे मला वाटते, आणि या विचाराने मी खरोखर हेलावते. देवी 1980 मध्ये जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. आजीच्या पिढीला जिच्या नुसत्या नावाने धडकी भरायची ती गुरांची बुळकांडीही 2011 मध्ये संपल्याचे जाहीर झाले. मात्र या दोन नावांच्या शेजारी तिसरे नाव अजून लागलेले नाही.

आजीचा विषय निघाला म्हणून प्लेगबद्दल लिहिते, कारण पाचव्या रकान्याचे महत्त्व मला सगळ्यात जास्त तिथे कळले. आजीला तिच्या आजीने सांगितलेले वाक्य असे: "घरात उंदीर पडला की भांडीकुंडी घ्यायची आणि गाव सोडून माळावर ऱ्हायला जायचं." गाठीचा ताप येण्यापूर्वी उंदीर मरून पडतात, हे लोकांच्या ध्यानात आले होते आणि गावेच्या गावे घरांना कुलपे घालून रानात खोपटी बांधून राहत होती. उंदीर का पडतात आणि त्याचा माणसाच्या काखेतल्या गाठीशी काय संबंध, हे मात्र डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. प्लेगचा जीवाणू 1894 मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिनने शोधला. 1896 मध्ये साथ मुंबईत आली. वाल्देमार हाफकिनने मुंबईत लस तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पण रोग उंदरातून माणसात येतो कसा, हा प्रश्न तसाच होता.

त्याचे उत्तर पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 च्या जूनमध्ये कराचीत शोधले, तेही अगदी साध्या साधनांनी. मोठ्या काचेच्या बरणीत प्लेगने आजारी असलेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर ठेवला आणि त्याच बरणीत जाळीच्या लहान पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर वर टांगला. दोघांना एकमेकांना स्पर्श करता येत नव्हता, पण पिसवा जाळीतून उडी मारून जाऊ शकत होत्या. आजारी उंदीर मेला, आणि काही दिवसांनी निरोगी उंदरालाही प्लेग झाला. उंदीर मेला की त्याचे अंग गार पडते. पिसवेला ऊब आणि ताजे रक्त लागते, म्हणून ती गार अंग सोडून दुसरे ऊबदार अंग शोधते. दुसरा उंदीर मिळाला नाही, तर माणूस. सिमाँचे म्हणणे लगेच कुणी मानले नाही. 1905 पासून मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने ते पुन्हा तपासून पक्के केले.

याच्याही पुढची पायरी मला फार विलक्षण वाटते. पिसवेच्या जठराच्या तोंडाशी बारीक काट्यांची एक झडप असते. प्लेगचे जीवाणू तिथे वाढतात आणि चिकट बोळा होऊन वाट बंद करतात. मग पिसवेने कितीही रक्त ओढले, तरी ते पोटात उतरत नाही. ती उपाशी राहते, वखवखते, पुन्हा पुन्हा चावते, आणि प्रत्येक चाव्याला अडलेले रक्त जीवाणूंसह उलटून जखमेत येते. लम्पीची माशी विषाणूची नुसती वाहक असते. पिसू मात्र स्वतःच या रोगाची रुग्ण असते. तिची भूक हेच जीवाणूचे वाहन. हे वाचले त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. आजीच्या आजीने गाव सोडले ते जीवशास्त्राच्या दृष्टीने अगदी योग्य होते: ती उंदराच्या घरातून, म्हणजेच पिसवेच्या उडीच्या टप्प्यातून बाहेर पडली होती. आणि सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी त्याच रोगाने गेल्या, तेव्हा कराचीतला तो प्रयोग व्हायला अजून पंधरा महिने होते. तो रकाना तेव्हा जगात कुणाच्याच वहीत भरलेला नव्हता. त्यांना तो माहीत असता तरी त्या मागे हटल्या नसत्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

रोगामागचा जीव जगतो कसा, हा प्रश्न कृष्णाकाठी राहणाऱ्याला दर पावसाळ्यात विचारावा लागतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोका पातळी 45 फूट आहे आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेले होते. पाणी उतरल्यावर घरोघरी लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या रोगावरच्या, गोळ्या वाटल्या गेल्या. या रोगाच्या जंतूचे घर उंदराच्या मूत्रपिंडात असते, उंदराला त्याचा फारसा त्रास होत नाही, आणि लघवीतून बाहेर पडल्यावर ओल्या चिखलात तो तग धरतो; म्हणून पायाला भेगा किंवा जखमा असलेल्या माणसाने पुराचा गाळ अनवाणी उपसू नये. याच पुरात लोकांनी मगरीही पाहिल्या. औदुंबर, भिलवडीच्या पट्ट्यात नदीत मगरी आहेत, हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. थंडीत काठावर त्या तोंड उघडे टाकून ऊन खात पडलेल्या असतात. मगरीमुळे कुठला रोग होत नाही, तरी तिच्याविषयी बोलताना लोकांचा सूर रोगाविषयी बोलतानाचाच असतो: ही इथून गेली पाहिजे. तिच्याबाबतीतही माझा प्रश्न तोच असतो, की ती जगते कशी. उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी काठावर खड्डा करून अंडी घालते आणि पावसाळ्याच्या आधी पिले बाहेर येईपर्यंत त्या जागेच्या आसपास राहते. पिलू नर होणार की मादी, हे खड्ड्यातल्या उष्णतेवर ठरते. 32 ते 33 अंशांच्या अरुंद पट्ट्यात नर होतात आणि त्याहून गार खड्ड्यात माद्याच. वाळू उपसून आणि काठ खरवडून आपण नुसती तिची जागा मोडत नाही, पुढच्या पिढीतले नर-मादीचे गणितही बिघडवू शकतो. मगर ज्या महिन्यांत काठ राखते, त्या महिन्यांत धुणे आणि जनावरे कोणत्या उतारावर न्यायची, हे ठरवणे तिला घालवण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे.

आता ज्या कामात मी गेले तीन महिने आहे त्याविषयी. दुसऱ्या वर्षाला असताना आमची म्हैस वाळायला लागली. खात होती, पण अंगाला लागत नव्हते. शेण पातळ, दूध कमी, आणि जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी शेण तपासले आणि यकृतातला चपटा जंत, म्हणजे लिव्हर फ्लूक, असल्याचे सांगितले. औषधाने ती सुधारली. पण हा जंत मी वर्गात काचपट्टीवर पाहिलेला होता: पानासारखा चपटा, कार्माइनने गुलाबी रंगवलेला, दोन चूषके आणि अंगभर फांद्या फुटलेले आतडे. त्याची आकृती काढून मी दहापैकी नऊ गुण मिळवले होते, आणि तोच प्राणी माझ्या घरच्या म्हशीच्या पित्तनलिकांत बसला असताना मला ओळखता आला नव्हता.

या जंताचा संसार इतका अवघड आहे, की तो चालतो कसा याचेच नवल वाटावे. त्याची अंडी शेणातून बाहेर पडतात. ती पाण्यात पडली तरच उबतात. अंड्यातून निघालेल्या केसाळ, पोहणाऱ्या अळीकडे साधारण एका दिवसाचीच शिदोरी असते, आणि तेवढ्या वेळात तिला एका ठरावीक जातीची पाणगोगलगाय गाठावी लागते. सापडली तर ती तिच्या अंगात शिरते आणि तिथे एकीच्या शेकडो होतात. मग शेपटीवाल्या नव्या अळ्या गोगलगायीतून बाहेर येतात, पोहत पोहत काठच्या गवताला चिकटतात, शेपूट टाकून देतात आणि भोवती कवच करून वाट पाहतात. जनावराने ते गवत खाल्ले की आतड्याची भिंत भेदून, पोटाच्या पोकळीतून वाट काढत पिल्लू जंत यकृतात शिरतो. ऑक्सफर्डला थॉमस आणि लाइपझिगला लॉइकार्ट या दोघांनी 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हा सगळा फेरा उलगडला. गोगलगायीची दुवा म्हणून ओळख तेव्हा पटली. आपल्याकडे "गोगलगाय आणि पोटात पाय" ही म्हण दिसायला गरीब पण आतून वेगळ्या माणसासाठी वापरतात. शास्त्रात या प्राणिवर्गाचे नावच उदरपाद, म्हणजे पोटाचाच पाय असलेले. म्हणीतले निरीक्षण शब्दशः खरे आहे, आणि या गोगलगायीच्या पोटात पायाखेरीज आणखी काय असते, हे मला पाहायचे होते.

आमच्या मळीच्या रानाला लागून ओढा आहे. त्याच्या कडेला वर्षभर दलदल असते आणि म्हैस तिथेच चरते. तिथून मी चाळीस गोगलगायी वेचल्या. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले, की हव्या असलेल्या जातीत तोंड उजव्या हाताला येते. डाव्या हाताला आले तर ती वेगळी, ती परत ओढ्यात. प्रयोगशाळेत हातमोजे घालून एकेक गोगलगाय स्वच्छ पाण्याच्या वेगळ्या कुपीत ठेवली आणि कुप्या दिव्याखाली मांडल्या. पहिले दोन तास काहीच घडले नाही. गोगलगायी काचेवर चढल्या, उतरल्या, शेण टाकले. मग सतराव्या कुपीमागे काळा कागद धरला तेव्हा पाण्यात पिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, आणि ते कण खाली बसत नव्हते. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. गोल अंगाची, लांब एकेरी शेपटीची अळी पूर्ण दृश्यक्षेत्रात आठाचा आकडा काढत धावत होती. मी पाहत असतानाच ती काचेला टेकली, थांबली, शेपूट जोरजोराने हलली आणि तुटून बाजूला पडली. तुटलेली शेपूट अजून वळवळत होती आणि अळी मात्र आकसून गोल होत होती, तिच्याभोवती हळूहळू दाट कडा धरत होती. आमच्या सरांनी मागून वाकून पाहिले आणि म्हणाले, "हे गवताचे पान आहे असे समज." चाळीसपैकी तीन कुप्यांत अळ्या निघाल्या.

ते चित्रीकरण मी मोबाइलवर घरी दाखवले. वडिलांनी दोनदा पाहिले आणि एवढेच विचारले, "म्हणजे औषध पाजून पुन्हा तिथंच चारायला सोडली, तर पुन्हा तेच?" मी हो म्हणाले. पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी दलदलीचा कोपरा बाभळीच्या काट्यांनी बंद केला आणि म्हशीला पिण्यासाठी घराजवळच्या जुन्या दगडी डोणीत बोअरचे पाणी सोडले. ती दोन-तीन दिवस सवयीने ओढ्याकडे ओढ घेत होती. बदके या गोगलगायी आवडीने खातात, हे मी आईला सांगितल्यावर तिने ते फार मनावर घेतले आहे. तिने बाजारात सहा पिल्ले सांगून ठेवली आहेत आणि मुंगसाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर खुराडे बांधायला जागा शोधत आहे.